अठरावं वचन

आमच्या घरी सकाळी साडेसहाला शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जातं. रोज एक अध्याय, ओळीने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. शेवटचं पान झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. एक फेरा पुरा व्हायला तीन वर्षं आणि वर तीनेक महिने लागतात. हा नियम माझ्या सासूबाईंचा. त्या नगरकडच्या मिशनच्या शाळेत वाढल्या, मुंबईत येऊन आयुष्यभर नर्सची नोकरी केली आणि सासरे गेल्यावर परळला आमच्याकडे राहायला आल्या, त्या एक ट्रंक, एक प्रेशर कुकर आणि हा नियम घेऊन. ट्रंक माळ्यावर गेली, कुकर भंगारात गेला, नियम राहिला.

नियमाला पोटकलमं होती. अध्याय निवडायचा नाही. आवडतो म्हणून पुन्हा वाचायचा नाही आणि कंटाळा येतो म्हणून गाळायचा नाही. वचनं, म्हणजे अध्यायातल्या आकडे घातलेल्या ओळी, आळीपाळीने वाचायची. पहिलं सासूबाईंनी, दुसरं माझ्या बायकोने, तिसरं मी, चौथं पुन्हा सासूबाईंनी. मग प्रत्येकाने एका वाक्यात प्रार्थना करायची. दुसरं वाक्य सुरू झालं की सासूबाई डोळे उघडून बघत. शेवटी त्या अध्यायाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने एक बारीकशी टीक करत आणि लाल फीत पुढच्या अध्यायात सरकवत. त्या जाड पुस्तकात प्रत्येक अध्यायापाशी अशा खुणांची रांग होती. सुरुवातीच्या काही सासऱ्यांच्या हातच्या, बाकी त्यांच्या.

मी जन्माने ख्रिस्ती आणि धंद्याने मुद्रितशोधक. गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं लोकांच्या चुका लाल पेनने दाखवत आलो. सगळ्या धर्मांच्या स्मरणिका माझ्या टेबलावरून गेल्या आहेत, त्यामुळे ‘परमपूज्य’पासून ‘रेव्हरंड डॉक्टर’पर्यंत सगळ्या उपाध्यांचं शुद्धलेखन मला पाठ आहे आणि त्यातल्या एकीचाही दरारा उरलेला नाही. सकाळच्या वाचनाला मी बसायचो, कारण न बसलो तर चहा उशिरा मिळायचा. माझं प्रार्थनेचं वाक्य ठरलेलं होतं, ‘सर्वांना आरोग्य दे.’ वर्षानुवर्षं तेच. पुनर्मुद्रण, दुरुस्तीविना.

तर अशाच एका सकाळी, वाचन संपून सासूबाई फीत सरकवत असताना, बायको म्हणाली, “आई, काखेजवळ काहीतरी लागतंय गं हाताला.”

सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तिला आतल्या खोलीत नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता. मुलीला साधी सर्दी झाली तरी कपाळाला आठ्या घालणारी बाई, आणि आता चेहऱ्यावर रेष नाही. हा तिचा ड्युटीवरचा चेहरा होता. मी तो पूर्वी एकदाच पाहिला होता, सासऱ्यांच्या शेवटच्या आठवड्यात.

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर, फोटो, पुन्हा डॉक्टर. सोमवारी सुईने गाठीचा तुकडा काढला आणि सांगितलं, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात गुरुवारी. म्हणजे दहा दिवस.

परळमध्ये राहणाऱ्याला इस्पितळं नवी नसतात. लांबलांबच्या गावांहून आलेली माणसं फायली छातीशी धरून फुटपाथवर बसलेली असतात, स्टोव्हवर भात शिजत असतो. इतकी वर्षं मी त्यांच्यामधून वाट काढत बस पकडायला जात होतो, लक्ष पेपरातल्या अग्रलेखात. त्या दहा दिवसांत मला डोक्याला रुमाल बांधलेली प्रत्येक बाई दिसायला लागली. तिचा नवरा कोणता, तो मी शोधायचो. मग तो कसा दिसतो, ते बघायचो. सगळे नवरे एकसारखे दिसायचे. पाण्याची बाटली हातात, आणि नजर समोरच्या माणसाच्या बटणावर.

भीती छातीत असते असं लिहिणाऱ्यांची प्रुफं मी पुष्कळ वाचली आहेत. माझी गुडघ्यांत होती. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा.

बुधवारी दुपारी मी घरी होतो. सासूबाई पडल्या होत्या, बायको ऑफिसला गेली होती. (“घरी बसून काय करू? गाठ मोजत बसू?” असं विचारून गेली होती.) रिपोर्टच्या दिवशी लवकर निघावं लागेल, तर त्या सकाळचा अध्याय किती लांब आहे ते बघून ठेवावं, एवढ्याच हेतूने मी पुस्तक उघडलं. आमचं वाचन तेव्हा एका संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा निरोप लोकांना पोचवणाऱ्याच्या, पुस्तकात चाललं होतं. बायोप्सीच्या सोमवारी चौदावा अध्याय झाला होता. बोटांवर मोजलं. गुरुवारी चोविसावा. सत्तावीस वचनं. फार लांब नाही, ठीक.

मग सवयीने वाचला.

त्या अध्यायात देव संदेष्ट्याला आधीच सांगून ठेवतो की तुझं सगळ्यात लाडकं माणूस मी नेणार आहे, आणि तू रडायचं नाहीस, उसासाही टाकायचा नाहीस. पागोटं बांधायचं, जोडे घालायचे आणि कामाला लागायचं. संदेष्टा सकाळी लोकांशी बोलतो, आणि संध्याकाळी त्याची बायको मरते. एका ओळीत. कसला आजार, काय झालं, काही नाही. ती ओळ संदेष्टा स्वतः सांगतो, ‘माझी बायको’ असं म्हणून.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. सोळावं वचन सासूबाईंना येत होतं, सतरावं बायकोला आणि अठरावं मला. बायको मेल्याचं ते अठरावं होतं.

आता मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांना हसण्यात ज्याची हयात गेली, तो मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी गैरहजर राहिलो तर मायलेकी दोघीच उरतात. दोघींत अठरावं वचन बायकोकडे जातं. स्वतःच्या मरणाची ओळ तिने वाचायची? नको. चौथा माणूस बोलावला तरी ते तिच्याकडेच जातं. पाच जण बसवले तर पुन्हा माझ्याकडे. सहा जण बसवले तर सासऱ्यांच्या कोणत्या तरी पुतण्याकडे जाईल, पण सकाळी साडेसहाला परळला येणारा पुतण्या आमच्यात नव्हता.

त्या दिवसापासून रोज सकाळी अध्यायाचा आकडा एकेकाने वाढताना मी बघत होतो. सतरा, अठरा, एकोणीस. लिफ्ट वर चढताना आकडे पेटतात तसे.

रविवारी दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे भाऊ भेटायला आले. मोठ्या मैदानांवर चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभा भरवणाऱ्या कुणा प्रचारकाच्या कमिटीवर ते होते. त्यांनी तेलाची एक बारकी बाटली आणली होती. बाटलीवर प्रचारकाचा फोटो, सूट घातलेला, दोन्ही हात वर. झाकणावर सील. मग ते उभं राहून प्रार्थनेला लागले. प्रार्थनेत त्यांनी देवाला आमच्या बिल्डिंगचं वर्णन सांगितलं, मजला सांगितला, इस्पितळ कोणतं आणि त्यात कोणत्या बाजूने जायचं तेही सांगितलं. वीस मिनिटं झाली. सासूबाईंनी डोळे उघडले.

“भाऊ, देवाला पत्ता माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “चहा निवतोय.”

भाऊ गेल्यावर बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसका लागल्यावर ती दंडापाशी हात धरून थांबली. ती बाटली मी फडताळात मागे ठेवली. फेकली नाही. ते मला फार लागलं. आठवड्यापूर्वी मी ती फेकली असती आणि वर लेबलावरच्या तीन चुका दाखवल्या असत्या.

बुधवार आला. सकाळी तेविसावा अध्याय झाला. तो चारचौघांत मोठ्याने वाचायला अवघड असा अध्याय आहे, पण सासूबाईंनी तो भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात वाचला, टीक केली, फीत चोविसाव्यात ठेवली. दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी पुस्तक घेतलं. चोविसाव्या अध्यायाच्या आकड्याशेजारी, त्यांच्या खुणांच्या रांगेत शेवटी, मी एक टीक केली. मग फीत पंचविसाव्यात सरकवली. तीस वर्षं छापील कागदावर खुणा करणारा हात तो, आणि एका टिकेसाठी मला दोनदा श्वास घ्यावा लागला. पुस्तक जागेवर ठेवलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

गुरुवारी साडेसहाला आम्ही बसलो. बायको आंघोळ करून, बाहेर जायची साडी नेसून बसली होती. सासूबाईंनी फितीवर पुस्तक उघडलं, आकडा पाहिला आणि थांबल्या. मागचं पान उलटलं. बोट आकड्यांवरून फिरलं.

“ही टीक माझी नाही,” त्या म्हणाल्या.

मी चहाच्या कपाकडे बघत होतो.

“जावईबापू, माझी टीक बसकी असते. ही बघा, हिला शेपूट आहे. प्रुफावर करतात तशी.”

“आई, आज तो अध्याय नको,” मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कुणी दुसरंच बोलतंय असं ऐकू आलं. “आजच्या दिवस नको. उद्या वाचू. हवं तर दोनदा वाचू.”

“का?”

मला सांगता येईना. सांगितलं तर ते बायकोसमोर बोलल्यासारखं झालं असतं, आणि तेच तर टाळायचं होतं.

“मला माहीत आहे त्यात काय आहे,” बायको म्हणाली. “बायोप्सीच्या दिवशीच मोजलं मी. तिथे बाकावर बसल्या बसल्या.”

मी तिच्याकडे बघितलं. दहा दिवस ती रोज माझ्या शेजारी बसून आपली वचनं वाचत होती, आणि तिलाही आकडा चढताना दिसत होता. आम्ही दोघं एकाच खोलीत आपापली भीती एकमेकांपासून लपवून बसलो होतो.

सासूबाईंनी चष्मा पुसला. “तुमचे सासरे गेले त्या सकाळी काय वाचलं होतं, माहीत आहे? देवळाची मापं. दार इतके हात, भिंत इतके हात, ओसरी इतकी. पूर्ण अध्याय मापं. मी काय मग शिंप्याची टेप बघितली की घाबरायचं?” मग मुलीकडे वळून म्हणाल्या, “तू सांग. वाचायचं की नाही?”

“वाचायचं,” ती म्हणाली. “नाही वाचलं तर दिवसभर डोक्यात तेच घोळेल. मग डॉक्टर काय सांगतायत तेही ऐकू येणार नाही.”

सासूबाईंनी पहिलं वचन सुरू केलं.

पंधरापर्यंत कसा पोचलो ते आठवत नाही. सोळावं सासूबाईंनी वाचलं. भाजीचे भाव सांगण्याचा आवाज त्या दिवशी नव्हता. सतरावं बायकोने वाचलं, रडू नकोस, पागोटं बांध, आणि ती पुढे सरकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. मग माझी पाळी.

मला वाचता येईना. डोळ्यांसमोर ओळ होती, छपाई स्वच्छ होती, एकही अक्षर तुटलेलं नव्हतं. सासूबाईंनी पुढे वाचलं नाही, ‘राहू द्या’ही म्हणाल्या नाहीत. नियमच तसा होता. ज्याचं वचन त्याने वाचायचं.

शेजारच्या मालवणी काकूंची सकाळ आमच्या वाचनावर चालते. आम्ही संपवलं की त्या कुकर लावतात. बराच वेळ आवाज आला नाही तेव्हा त्या गॅलरीतून ओरडल्या, “काय झाला हो? थांबलात कशाक?”

“काही नाही काकू,” बायकोने उत्तर दिलं. “ह्यांची पाळी आहे.”

आणि मी वाचलं. अर्धं वाचलं, थांबलो, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ‘माझी बायको’ म्हणालो, ‘मेली’ म्हणालो, आणि ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून शेजारी बसलेली होती. हात गरम होता. एकोणिसावं वचन सासूबाईंनी घेतलं आणि आम्ही सत्ताविसाव्यापर्यंत गेलो. शेवटचं वचन नेमकं मलाच आलं.

प्रार्थनेच्या वेळी मी ‘सर्वांना आरोग्य दे’ म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं ते असं, “मला फार भीती वाटते.” एकच वाक्य. मागणं नाही, विनंती नाही, व्याकरणदृष्ट्या नुसतं विधान. सासूबाई म्हणाल्या, “आमेन.” इतक्या वर्षांत माझ्या वाक्याला त्यांनी स्वतंत्र आमेन पहिल्यांदाच दिलं.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. “टीक आधीच झालेली आहे,” त्या म्हणाल्या. “आता ती खरी झाली.”

रिपोर्ट वाईट होता. फार वाईट नव्हता, पण वाईट होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ लहान आहे, वेळेवर कळलं आहे, ऑपरेशन करायचं, नंतर औषधं, केस जातील, परत येतील. बायकोने चार प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. मी चित्राकडे बघत होतो, आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. कारण त्या ओळीत संध्याकाळ होती. सकाळ निभावली होती, संध्याकाळ व्हायची होती.

ती संध्याकाळ मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. चार वाजले. पाच वाजले. खाली मंडळाची पोरं पताका लावत भांडत होती. मी दर दहा मिनिटांनी स्वयंपाकघरात डोकावत होतो.

“अरे, काय सारखा येतोयस?” बायको म्हणाली. “आहे मी. पिठलं ढवळतेय. गुठळ्या झाल्या तर तुझ्यामुळे.”

दिवेलागण झाली. तिने पिठलं केलं, भाकऱ्या केल्या. गुठळ्या झाल्या होत्या. मी दोनदा वाढून घेतलं.

पुढचं वर्ष भीतीतच गेलं, आणि वाचन एक दिवस चुकलं नाही. ऑपरेशनच्या सकाळी वॉर्डात पडद्याआड कुजबुजत वाचलं. ती औषधांनी आडवी असायची तेव्हा तिची वचनं सासूबाई वाचायच्या आणि तिच्याकडे बघून मान हलवायच्या, हे तुझं होतं म्हणून. भीती त्यामुळे कमी झाली असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्या साक्षी मी सभांमधून पुष्कळ ऐकल्या आहेत, त्यांना शेवटी टाळ्या पडतात. माझं एवढंच म्हणणं आहे की भीतीला दिवसातून एकदा, साडेसहाला, तिघांत बसायची जागा मिळाली. उरलेला दिवस ती मोकाट असायची, पण सकाळी तिला एका वाक्यात बोलावं लागायचं. आणि ते वाक्य कुणाशी तरी बोललेलं असायचं. कोणाशी, याबद्दल मी पूर्वीइतक्या खात्रीने शंका घेत नाही.

सासूबाई त्या रिपोर्टनंतर दोनेक वर्षांनी गेल्या, दुपारच्या झोपेतच. त्या दिवशी वाचनात नावांच्या याद्या चालल्या होत्या, अमक्याच्या वंशातले अमके. दुसऱ्या सकाळी साडेसहाला घरात नातेवाईक होते, फुलं होती, कॉफिनवाल्याचा माणूस दारात उभा होता. बायकोने पुस्तक उघडलं आणि पुढची यादी सुरू केली. पहिलं वचन आता तिचं होतं, दुसरं माझं. टीकही ती करते. तिची टीक आईसारखीच बसकी आहे.

या वर्षी फेरा पुन्हा तिथे आला. मला आकडा आधीपासून माहीत होता. तिलाही होता, ते मला माहीत होतं, आणि या वेळी आम्ही ते एकमेकांना सांगितलं. त्या बुधवारी काही नव्हतं. तिची सहामाही तपासणी अजून लांब आहे. भीती मात्र आली, वेळेवर. गुडघ्यांतच आली. ती आता येतेच.

दोघांत वाचलं तरी अठरावं वचन माझंच. हे मी पूर्वीच मोजून ठेवलेलं होतं.

तिने सतरावं संपवलं. मी अठरावं वाचलं. एकदाच, न थांबता, पण हळू. तिच्याकडे न बघता वाचता आलं नाही. तिचे केस परत आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे आणि पांढरे. ती पुस्तकाकडे बघत होती, आपली पाळी आली म्हणून, आणि मी संपवल्यावर लगेच एकोणिसाव्याला लागली.

शेवटी तिने पेन्सिल माझ्यापुढे केली. “आजची तू कर.”

त्या रांगेत शेवटी माझी ती शेपटाची टीक आहे. तिच्याशेजारी मी दुसरी केली. शेपूट याही वेळी आलंच.

“सुधरायचा नाहीस,” बायको म्हणाली, आणि फीत पंचविसाव्यात सरकवली. बाहेर काकूंनी कुकर लावला.